आचार्यांसाठी मागील दार

मामा गेले तेव्हा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. त्यात 'दुखःद' लिहिलं होतं. मला आधी तो जागा चुकलेला विसर्ग दिसला आणि मामा गेले हे त्यानंतर कळलं. सांगायला लाज वाटते, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत आमचं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेचे निरोप, पाट्या, सगळं करतो. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी कम्प्युटरवर आलो, पण डोळे त्यांचेच राहिले. मजकूर वाचायच्या आधी त्यातली चूक दिसते. हा आजार आहे असं बायकोचं मत आहे.

टेबलाच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक वही असते. गिऱ्हाइकांच्या मजकुरातल्या चुका मी तिच्यात उतरवून ठेवतो. तारीख, काम, चूक. नाव लिहीत नाही, तेवढी सभ्यता पाळतो. पत्रिकांच्या पानांवर 'आशिर्वाद' इतक्या वेळा आहे की आता दूधवाल्यासारखी नुसती रेघ ओढतो. 'चि. सौ. का.' असतंच, अनुस्वार गेला की सौभाग्यकांक्षिणीची कांक्षाच गेली. 'उज्वल', 'महत्व' आणि 'तज्ञ' ही मंडळी जोडाक्षरातलं एक अक्षर खाऊन बसतात आणि 'नेतृत्त्व' लिहिणारे तेच अक्षर नको तिथे वाढतात. येवल्याच्या रस्त्याला 'पारंपारिक पैठणी' तर चुकत नाही. एकदा साठी झालेल्या एका साहेबांचा फ्लेक्स आला, 'षष्ठ्यब्दी सोहळा'. षष्टी म्हणजे साठ आणि षष्ठी म्हणजे सहावी, चंपाषष्ठीतली. साहेबांचा फोटो बघून मी ठ चा ट केला. आणि फेब्रुवारी संपत आला की 'मराठी भाषा गौरव दीन' ठरलेला. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात, त्यांच्याच जन्मदिवशी, त्यांच्याच फोटोखाली भाषेला दीन करून टाकायचं!

व्याकरणाची पानं वेगळी. 'माझी मदत करा' हे सरळ हिंदीतून उचललेलं. 'मी त्याला बोललो' हे त्याहून डोक्यात जातं. मराठीत एखाद्याला बोललो म्हणजे त्याची खरडपट्टी काढली. नुसतं सांगितलं असेल तर 'म्हणालो'. हल्ली प्रेमाची कबुलीसुद्धा 'मी तिला बोललो' अशी देतात, मग तिने नकार दिला तर नवल काय?

'रूपये' लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गल्ल्यातली शंभराची नोट काढतो आणि मागची भाषांची पट्टी दाखवतो. 'शंभर रुपये', रु पहिला. 'आपल्या नाशिकरोडला छापतात, चूक असेल तर तिकडे कळवा,' असं वर सांगतो. आता देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही नोटा छापल्या जातात, हातातली कुठली आहे ते मला कुठे माहीत असतं, पण गिऱ्हाईक गप्प होतं. काउंटरच्या काचेखाली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची झेरॉक्स आहे. १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, असे १८. शुद्धलेखन म्हणू नये, प्रमाणलेखन म्हणावं, असं आता सांगतात. पटतं मला. रागात मात्र तोंडून जुनाच शब्द जातो.

पण माझा खरा दात होता तो एकाच चुकीवर. 'शेतकर्यांना', 'दुसर्या', 'पायर्या'. र पुढच्या अक्षराला जोडताना मराठीत दोन वाटा आहेत. सूर्य, कार्य इथे तो रफार होऊन डोक्यावर चढतो आणि उच्चारात मागच्या अक्षरावर आघात येतो. दुसऱ्या, पायऱ्या इथे तो विळ्यासारखा अर्धा होऊन शेजारी उभा राहतो, आघात देत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा अर्धा र लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो. वडिलांच्या खिळ्यांच्या केसमध्ये त्याचं वेगळं घर होतं, त्यातला खिळा संपला की ते दुसऱ्या फॉर्ममधून काढून आणायचे पण रफारावर भागवायचे नाहीत.

तर गेले आठ महिने वहीत या चुकीची पानंच्या पानं भरत होती. मी एकेकाला फोन करून ऐकवत होतो. दिंडोरीकडच्या एका शेतकरी कंपनीच्या पोराला म्हटलं, "अरे, स्वतः शेतकरी ना तू? मग शेतकऱ्यांना तरी नीट लिही." तो म्हणाला, "काका, मी तर तसंच लिहिलंय." म्हटलं, "स्क्रीन माझ्यासमोर आहे की तुझ्या?" तो गप्प बसला. मोठा माणूस बोलतोय म्हणून गप्प बसला, हे आता कळतंय.

गोष्ट चैत्रातली आहे. पंचवटीतल्या एका संस्थानात पाच दिवसांचा यज्ञ होता. आदल्या संध्याकाळी तिथल्या व्यवस्थापकांचा मेसेज आला, तीन पाट्या हव्यात, रात्रीतून. एक निवासव्यवस्थेची, एक पादत्राणांची, एक मागच्या दाराची. मजकूर घेतला, नेहमीप्रमाणे साफ केला, 'पादत्राणे'मधला न चा ण करून दिला, वहीत नोंद केली, सनबोर्डवर व्हिनाइल चिकटवून पोराबरोबर पाट्या पाठवल्या आणि घरी गेलो.

सकाळी सव्वासहाला फोन. "अहो, ताबडतोब या. आचार्य मागे बसलेत."

"बसू द्या की."

"अहो, मागे म्हणजे भटारखान्यात!"

स्कूटर काढली. गंगेवर पहाटेची स्नानं चालली होती, पुलावर फुलवाल्यांची गर्दी होती. संस्थानाच्या मोठ्या फाटकाशी पोचलो तर माझी पाटी समोरच. भगव्यावर पांढरी अक्षरं, खाली जाडजूड बाण. 'आचार्यांसाठी प्रवेश मागील दाराने'.

अक्षर न् अक्षर शुद्ध. मी ती दोनदा वाचली आणि मला त्यात काहीही दिसेना. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार बरोबर. मग बाणाच्या दिशेने भिंतीच्या कडेकडेने मागे गेलो आणि पाणी सुटलेल्या अंगणात पोचलो. गॅसच्या टाक्या, पालथी घातलेली पातेली, मेथी निवडणाऱ्या तीन बाया. आणि कांद्याच्या गोण्यांवर ओळीने बसलेले पाच आचार्य. रात्रभर प्रवास करून नाशिकरोडला उतरलेले, खांद्यावर उपरणी, पायाशी पिशव्या, हातात स्टीलच्या पेल्यातून चहा. मुख्य आचारी त्यांच्यासमोर हात जोडून उभा. बिचाऱ्याला वाटलं, महाराज मंडळी सोवळं-ओवळं बघायला आली आहेत. त्याने घाईघाईने ओटा धुऊन घेतला होता, तेच पाणी अंगणात.

पाचांतले सगळ्यात वयस्क होते त्यांनी मला विचारलं, "आमचं काही चुकलं का हो? पुढून येऊ नये असा इथला काही नियम आहे का?"

चिडून नाही, खरंच जाणून घ्यायला विचारलं. मला गोण्यांच्या मागे लपावंसं वाटलं.

व्यवस्थापकांना मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, "साहेब, आचारी आणि आचार्य यांत फरक असतो. आचारीचं आचाऱ्यांसाठी होतं, अर्धा र लागतो. तुम्ही रफार देऊन पाठवलात, तर आम्ही तरी काय करणार? निवासाच्या पाटीवर आचार्य, या पाटीवर आचार्य, आम्हाला वाटलं मंडळींना मागच्या जिन्याने वर न्यायचं असेल." आवाज जरा चढलाच होता. मेथी निवडणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या.

ते काही बोलले नाहीत. खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, मेसेज शोधला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

आचाऱ्यांसाठी. विळ्यासारखा अर्धा र, ठसठशीत. निवासाच्या ओळीत आचार्यांची, तिथे रफार. सत्तरीच्या माणसाने अंगठ्याने टाइप करून दोन्ही ठिकाणी जे हवं तेच दिलं होतं.

नवी पाटी दोन तासांत देतो म्हणालो आणि निघालो. दुकान उघडून आधी तो मेसेज कम्प्युटरवर घेतला. तिथेही बरोबर. मग साध्या नोटपॅडमध्ये टाकला आणि शब्दाचं शेपूट एकेक करून खोडायला लागलो. साठी गेलं, अनुस्वार गेला, काना गेला, य गेला. अर्धा र उरला. बॅकस्पेस मारला. र गेला नाही, पण त्याचा विळा मोडला आणि पूर्ण र होऊन खाली हलन्ताचा पाय फुटला. पुन्हा मारला, पाय गेला. म्हणजे र आणि पाय यांच्याखेरीज तिथे आणखी काहीतरी होतं, न दिसणारं. तेच त्या र ला अर्धा ठेवत होतं.

भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने झोपेतच सांगितलं की युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह टाकतात, झिरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही सारखेच. दुसऱ्या तऱ्हेतलं ते चिन्ह काढलं की र आणि य यांच्यामध्ये कुणी उरत नाही आणि र सरळ डोक्यावर चढून रफार होतो.

"पण ते काढलं कुणी?"

"मामा, तुमचं साफसफाईचं बटण."

आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं आहे. फोनवरून आलेला मराठी मजकूर त्यात तसाच टाकला तर वेलांट्या भलतीकडे जातात, म्हणून तो आधी जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागतो. बदलताना ही अदृश्य चिन्हं चौकोन होऊन उमटायची. वीस फुटी फ्लेक्सवर 'हार्दिक' आणि 'शुभेच्छा'च्या मधोमध एक चौकोन छापला गेला होता, त्याचे पैसे आम्ही भरले. तेव्हा मीच भाच्याला म्हटलं होतं की दुहेरी जागा, न दिसणारी चिन्हं, काय काय कचरा असेल तो सगळा उडवणारं एक बटण करून दे. त्याने करून दिलं. आठ महिने झाले त्याला.

आठ महिने.

मी खण उघडून वही काढली. 'र्या'ची पानं सुरू होतात ती बटणानंतर दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी ही चूक महिन्यातून एखादी. इतकं सरळ वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, तारखेनिशी, आणि मी त्यातून काढलेला निष्कर्ष काय, तर लोकांचं मराठी बिघडत चाललंय.

फोनमध्ये जेवढे जुने मेसेज सापडले तेवढे ताडून बघितले. बरेचसे बरोबर होते. काही खरोखरच चुकीचे होते, तेवढाच काय तो आधार. बरोबर निघाले त्या नोंदींवर काट मारत गेलो. दिंडोरीच्या पोराचा मेसेज बरोबर होता. त्याला लगेच फोन केला. म्हटलं, "तू नीट लिहिलं होतंस, आमच्याकडे बिघडलं." तो म्हणाला, "राहू द्या ना काका, तुम्ही दुरुस्त करूनच छापलं होतं." ते मात्र खरं. सगळीकडे मी हाताने अर्धा र बसवून दिला होता, कारण 'शेतकर्यांना' असा शब्द मराठीत नाही आणि तो माझ्या डोळ्याला टोचतो. 'आचार्यांसाठी' टोचला नाही. तो कोशात आहे, चांगला भारदस्त आहे, फक्त त्या दाराचा नव्हता.

भाच्याने बटणातून ती एक ओळ काढली. चौकोन परत आले आहेत. ते आता मी हाताने वेचतो.

नऊ वाजता नवी पाटी घेऊन पुन्हा पंचवटीत गेलो. पैसे घेतले नाहीत, व्यवस्थापकांनीही आग्रह केला नाही. आचार्य मंडळी आंघोळी करून यज्ञमंडपात बसली होती. फाटकावर 'आचाऱ्यांसाठी' लावलं आणि जुनी पाटी काखेत मारून न्यायला लागलो, तर मुख्य आचारी मागून पळत आला.

"भाऊ, ती फेकणार का?"

"दुकानात नेतो, मागची बाजू वापरता येते."

"मग आम्हाला द्या ना."

त्याने ती फडक्याने पुसली, भटारखान्याच्या दारावर दोन खिळे होते त्यांवर टेकवली, बाण आतल्या बाजूला येतो की नाही ते लांब जाऊन बघितलं आणि कांदा चिरत बसलेल्या पोरांना ओरडून म्हणाला, "ए आचार्य, आवरा, साडेदहाला पंगत आहे."