७८१ आकडे

मे महिन्यात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासत होतो. बेळगावात वळीव कोसळत होता, लॅबमधली लाईट येत-जात होती. समोर बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्रॅम. एक खानापूर तालुक्यातल्या मुलीचा, दुसरा निपाणीच्या मुलाचा.

मोहऱ्यांच्या किमती पाहिल्या आणि थबकलो. प्यादं १००, घोडा ३२०, उंट ३३०, हत्ती ५००, वजीर ९००. दोन्हीकडे तंतोतंत त्याच. मुलाला बोलावलं.

"सर, हे सगळेच वापरतात ओ."

त्याचं खरं होतं. बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तोमाश मिख्निएव्स्की यांनी सुचवलेले हे आकडे नवशिके सर्रास घेतात. घाई माझीच झाली होती, तसं त्याला सांगितलं.

मग परफ्ट चालवलं. ठरावीक चालींपर्यंत डावाच्या किती वाटा निघतात त्याची ही मोजणी. सुरुवातीच्या पटावरून २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१. बिनचूक प्रोग्रॅममध्ये हे आकडे सारखेच येणार, म्हणून चोरी बरोबर उत्तरांत सापडत नाही, चुकांत शोधावी लागते. तपासणीसाठी नेहमी वापरतात ती हत्ती-प्याद्यांची एक अंतिम स्थिती दिली. दोन चालींनंतर १९१ यायला हवेत. दोघांचेही १९३ आले. एन पासांने, म्हणजे एकदम दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं प्याद्याने मारताना, एकाच ओळीतली दोन्ही प्यादी उठतात आणि राजा हत्तीसमोर उघडा पडतो, हे दोघांनीही धरलं नव्हतं.

"सापडला की!" शेजारचे सहकारी म्हणाले. मला पटेना. ही चूक मीही केली होती, आणि तेव्हा कुणाचं काही बघितलं नव्हतं. २०११ मध्ये आयसीजीए या संगणक-खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रिब्का या बुद्धिबळ प्रोग्रॅमची २००७ ते २०१० ची जगज्जेतेपदं काढून घेतली, ती फ्रूट या प्रोग्रॅमशी असलेल्या साम्यावरून. किती साम्य म्हणजे नक्कल, यावर जाणकारांत तेव्हाही वाद झाला. इथे तर एका पोराच्या पदवीचा प्रश्न होता.

शेवटी झोब्रिस्टचे आकडे उघडले. पटावरची स्थिती ओळखायला प्रोग्रॅम ६४ बिटांचे रँडम आकडे वापरतो: १२ प्रकारची मोहरी गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८, कॅसलिंगचे (किल्लेकोटाचे) ४, एन पासांचे ८, पाळीचा १. एकूण ७८१. दोघांचे सारखे निघाले. तरी थांबलो, कारण रँडम जनरेटर मूळ सीडवरच, म्हणजे तो ज्या आकड्यापासून सुरू होतो त्यावरच, सोडला तर कुणाचेही तेच येतात. पण मुलीने सीड म्हणून स्वतःच्या गावाचा पिनकोड टाकला होता, शेजारी गावाचं नावही लिहिलं होतं. मुलाच्या कोडमध्ये जनरेटर नव्हताच. नुसती ७८१ तयार आकड्यांची फाईल. पिनकोड घालून मी यादी काढली आणि त्या फाईलशी लावून बघितली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकही आकडा वेगळा नव्हता.

निपाणीच्या मुलाच्या हातात तिचं नाव नसलेलं तिचं गाव होतं.

तो बराच वेळ गप्प बसला. "चाली कशा काढायच्या ते समजून घ्यायला पेन ड्राइव्हवर दिलतं तिनं. परत लिहितो सर, पहिल्यापासनं." पंधरा दिवस दिले. परीक्षा विभागाला काय घडलं ते लेखी कळवलं. तिच्यावर ठपका येऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलं.

तिला बोलावून सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिची नजर मात्र माझ्या कागदावरच्या १९३ वर होती.

"सर, हे माझंच चुकलंय. आत्ता इथंच बसून दुरुस्त करू काय?"