काढा पाजलेली भिंत

गेल्या पावसाळ्यातलं प्रकरण आहे, पण अजून डोक्यातून जात नाही.

घरातल्या बुरशीवर औषधी वनस्पतींचे अर्क तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेत चालू होतं. नमुन्यांसाठी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेले. आजी एकट्याच राहतात. माजघराच्या भिंतीला कंबरेपर्यंत ओल आणि काळे ठिपके. मी स्वॅब घेतला, चहा घेतला. निघताना आजींनी विचारलं, "याला एखादा पाला लावता येईल का गं?" म्हटलं, बघून सांगते.

स्वॅब आगरच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर फिरवला. प्लेटवर आधी पांढरा कापूस, तिसऱ्या दिवशी त्यावर कोणी काजळ शिंपडल्यासारखं. अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी. निर्गुडीचा पाला सावलीत वाळवून, कुटून मिथेनॉलमध्ये भिजवला होता. मिथेनॉल उडवलं की तळाशी हिरवट-काळा चिकट गोळा उरतो. तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, बुरशी पसरलेल्या आगरला पाडलेल्या ६ मिमीच्या भोकात भरायचा. शेजारच्या भोकात नुसतं डीएमएसओ. हा कंट्रोल मी एकाही प्लेटवर चुकवत नाही, कारण द्रावकानेच बुरशी अडली तर श्रेय झाडाला जातं. तुलनेचं औषधही नीट निवडावं लागतं. अ‍ॅस्परजिलसवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही. तरी लोक तेच लावतात आणि 'आमचा अर्क औषधापेक्षा सरस' असं लिहून मोकळे होतात. ही मला सरळसरळ फसवणूक वाटते.

४८ तासांनी प्लेट उचलली तर निर्गुडीभोवती १८ मिमीचं स्वच्छ वर्तुळ, आणि डीएमएसओच्या भोकाला बुरशी अगदी काठापर्यंत भिडलेली. इतका आखीव झोन फार दिवसांनी पाहिला होता. त्याच दुपारी आजींचा फोन आला आणि मी आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "निर्गुडी चांगली चालतेय, आजी."

पाचव्या दिवशी त्या वर्तुळात पांढरे तंतू शिरले. आतला आगरचा तुकडा ताज्या प्लेटवर ठेवला, तर तिथेही उगवण झाली. म्हणजे बुरशी मेली नव्हती, थबकली होती. बहुतेक जण ४८ तासांचा आकडा वहीत उतरवून प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, टाकतात. त्यापुढे काय झालं हे कोणी विचारतही नाही.

आठवड्याने वाड्यात गेले. आजींनी मंडईतून निर्गुडी आणून पाण्यात उकळली होती आणि भिंतीला काढ्याचे दोन हात दिले होते. भिंत तपकिरी झाली होती, आणि त्या तपकिरीवर बुरशी आधीपेक्षा दाट. आजी काही बोलल्या नाहीत. उरलेला काढा झाकणाच्या डब्यात माझ्यासाठी ठेवला होता. "तुमच्या तिकडे घालून बघ," एवढंच म्हणाल्या.

घालून बघितला. नेहमीच्या बटाटा-साखरेच्या आगरवर बुरशीला खायला भरपूर असतं, तिथे हा फरक कळला नसता. म्हणून नुसतं पाणी आणि आगर घेतलं, त्यावर नायजरचे बीजाणू पसरले आणि काढा गाळून भोकात भरला. बाकी प्लेटवर विरळ, जेमतेम जाळी. भोकाभोवती मात्र काळी दाट कड. पाण्यात पाल्यातली साखर उतरते, पण मिथेनॉलमध्ये जे उतरतं त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतच नाही. माझं 'निर्गुडी' आणि आजींचं 'निर्गुडी' या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि हे त्या फोनवर फक्त मलाच ठाऊक होतं.

प्लेट टेपने बंद करून आजींना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. बाहेर पाऊस होता. मागच्या अंगणात गेले तर माजघराच्या बरोबर वरची पन्हळ फुटलेली, सगळं पाणी त्याच भिंतीवर. पहिल्या दिवशी मी तिथे तासभर होते, पण बाहेर जाऊन वर पाहिलं नव्हतं.

पन्हळ बदलली. भिंत आता खरवडून उघडी ठेवली आहे.