आठ माणसं, दोन पगार

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज टॅक्सच्या मोफत मदत केंद्रावर पाळी होती. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मी बहुतेक शनिवारी जाते. कमी उत्पन्नाच्या घरांचे रिटर्न आम्ही स्वयंसेवक भरून देतो. अमेरिकेत आमच्या इंडियानापोलिसच्या दक्षिणेला, साउथपोर्टच्या बाजूला, चिन लोकांची इतकी वस्ती आहे की काही जण गावाला 'चिंडियानापोलिस' म्हणतात. म्यानमारच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली ही माणसं, आपल्या मिझोरामला अगदी लागून. इथे वीस हजारांच्या वर असतील. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा घरांतली सहा-सात त्यांचीच.

आज आलेलं कुटुंब आठ जणांचं. आईवडील, पाच मुलं आणि आजी. आजीच्या अंगावर हातमागाची लाल-काळी शाल, पायात बर्फाचे बूट. सगळे कागद एका झिपच्या पिशवीत, घड्या इतक्या जुन्या की उलगडताना फाटतील की काय असं वाटत होतं. नावांपाशीच अडलं. त्यांच्यात आडनाव नसतं. नवऱ्याच्या नावाचा शेवटचा शब्द वेगळा, बायकोचा वेगळा, पाचही मुलांचा वेगळा. फॉर्मला आडनाव लागतंच, म्हणून निर्वासित कार्यालयात कुणीतरी कधीतरी शेवटचा शब्द उचलून आडनावाच्या चौकटीत टाकलेला. मोठीच्या कार्डावर तो क्रम उलटा पडला आहे. तिच्या एकटीच्या नावावर माझी वीस मिनिटं गेली.

मुलगी दुभाष्याचं काम करत होती. मी स्वतःशीच "अरे देवा, हे कुठे गेलं" असं पुटपुटले, तशी तिची आई एकदम म्हणाली, "दीदी, आप इंडिया से हो?"

दिल्लीत सहा वर्षं काढलीत त्यांनी, विकासपुरीत. तिआउ नदी ओलांडून मिझोराम, तिथून दिल्ली. सैन्य गावात यायचं आणि पुरुषांना ओझी वाहायला घेऊन जायचं, पैसे नाहीत, परत येण्याची शाश्वती नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचं कार्ड मिळालं, पण भारताने निर्वासितांचा १९५१ चा करार मान्य केलेला नाही, तेव्हा त्या कार्डावर रीतसर नोकरी मिळायची नाही. रात्री भाजीबाजार उठला की बायका खाली पडलेला पाला, डागाळलेले टोमॅटो वेचून आणायच्या. "बहुत लोग जाते थे," ती म्हणाली, आणि पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला.

नवरा गावी प्राथमिक शाळेत मास्तर होता. इथे गोदामात खोकी भरतो, दुसऱ्या पाळीत. ती पहिल्या पाळीत दुसऱ्या गोदामात. म्हणजे धाकट्याला सांभाळायला कुणीतरी घरी असतं, पण नवराबायकोची भेट रविवारी, चर्चमध्ये.

दोघांचे मिळून साधारण ६४,००० डॉलर. (आकडे आणि तपशील मी थोडे बदललेत. दुसऱ्याच्या घरचा पैसा असा उघडा मांडणं बरं नव्हे.) तिच्या आधीच्या गोदामाचा पगाराचा दाखला आलेला नव्हता, त्यामुळे रिटर्न पुरा झाला नाही. पुन्हा यायला सांगितलं.

घरी येऊन भागाकार केला. माणशी ८,०००. आठ जणांच्या घराची सरकारी दारिद्र्यरेषा यंदा ५४,१५० आहे. म्हणजे सरकारदरबारी हे घर गरीब नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काल झोप नीट लागली नाही. सकाळी उठून प्यू रिसर्च सेंटरचे आकडे काढून बसले. २०१९ सालचे आहेत. ब्रह्मी, म्हणजे म्यानमारहून आलेल्या, घरांचं मध्यक उत्पन्न (निम्मी घरं याच्या वर, निम्मी खाली) वर्षाला ४४,४०० डॉलर, आशियाई गटांमध्ये सगळ्यात खाली. सगळ्या आशियाई घरांचं मिळून ८५,८००. आणि सगळ्यात वर आपण, भारतीय, १,१९,०००.

हा वरचा आकडा आपल्याकडच्या लोकांना तोंडपाठ असतो. खालचा कुणाला माहीत नसतो, मलाही नव्हता. आणि हा आकडा घराचा आहे. घरात दोन माणसं की आठ, कमावणारा एक की तीन, ते त्यातून कळत नाही. कालच्या घराचं उत्पन्न या ४४,४०० च्या वर आहे, तरी त्यांच्याकडे मुलांच्या दातांसाठी पैसे नाहीत.

मी रत्नागिरीची. आमच्यासाठी ब्रह्मदेश म्हणजे थिबा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे जेमतेम सहा वर्षं त्या वाड्यात राहायला मिळालं. शाळेची सहल तिथे जायची आणि आम्ही त्या थंडगार फरशीवर बसून डबे खायचो. पेन्शन पुरत नसे, राजा सोबत आणलेली माणकं विकत असे, हे बाई सांगायच्या. त्याची नात टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची, आणि तिने दिवस काढले ते हलाखीत. राजघराण्याची ही गत दोन पिढ्यांत झाली. परक्या मुलखात हाताशी काय आहे आणि तिथलं सरकार तुम्हाला कोण समजतं, त्यावर किती अवलंबून असतं, हे मला लहानपणी दिसत होतं, पण कळत नव्हतं.

चिन लोकांना मात्र थिबाची प्रजा म्हणणंही चूक. त्यांचे डोंगर मंडालेच्या हाताखाली कधी नीट नव्हतेच. इंग्रजांनीच पुढे ते ब्रह्मदेशाला जोडले. आता इथल्या जनगणनेत चिन, करेन, रोहिंग्या आणि तिथले बहुसंख्य बामार सगळे 'ब्रह्मी' या एकाच शब्दाखाली मोजले जातात, ज्यांच्यावर बंदूक रोखली गेली ते आणि ज्यांच्या भाषेत ती रोखली गेली तेही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बर्फ. केंद्र बंद. दुपारी शेजारच्या आजी डबा घेऊन आल्या. समोरासमोर मी त्यांना नावाने हाक मारते, या वहीत आजीच. वय ८१. डब्यात कीफल, आक्रोडाचं सारण भरलेली, चंद्रकोरीसारखी. आपली करंजीच, पण तळलेली नाही, भाजलेली. त्यांच्या आजीची रीत.

मी त्यांना मागच्या शनिवारचं सांगितलं, नावगाव न सांगता. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माझ्या आजोबांकडेही असाच कागद होता, त्यावर चुकीचा देश लिहिलेला.

आजोबा १९०९ साली आले, ग्युसिंगजवळच्या खेड्यातून. तो भाग आज ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांडमध्ये आहे, पण १९२१ पर्यंत हंगेरीकडे होता. त्यामुळे बोलायचे जर्मन आणि कागदावर हंगेरियन. घरी शेतीचे तुकडे इतके बारीक झालेले की नांगर वळवायला जागा नाही. हे ऐकताना मला कोकणच आठवला, आमच्याकडेही वाटण्या होऊन होऊन असंच झालंय आणि घरटी एकजण मुंबईला. बुर्गेनलांडमधून इतके लोक शिकागोला आणि पेनसिल्व्हेनियाला गेले की शिकागो हेच बुर्गेनलांडचं सगळ्यात मोठं गाव, असं अजून म्हणतात. आजींचे आजोबा पेनसिल्व्हेनियात नॉर्थॅम्प्टनच्या सिमेंट कारखान्यात लागले. त्याच गावचं सिमेंट पनामा कालव्याला गेलं. आजींची आजी सिगारच्या कारखान्यात पानं वळायची. घरात तीन भाडेकरू, एकाच पलंगावर दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला आलटून पालटून झोपायचे. आजोबांची छाती सिमेंटने भरली आणि पन्नाशी ओलांडायच्या आत गेले.

हे सगळं सांगताना आजींच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या डब्याचं झाकण बोटाने पुसत होत्या.

मुलगा, म्हणजे आजींचे वडील, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात. परत आल्यावर १९४४ च्या माजी सैनिकांच्या कायद्याने कॉलेजची फी सरकारने भरली, घरासाठी कर्ज मिळालं. आजी स्वतः शिक्षिका झाल्या. त्यांचं इथलं घर कधीच फिटलंय.

आता ऑस्ट्रियन वंशाची म्हणून जी सहा-सात लाख माणसं इथे मोजली जातात, त्यांचं उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा बरंच वर आहे. पण त्या आकड्यात कोण आहेत? १९२४ च्या कायद्याने ऑस्ट्रियातून वर्षाला फक्त ७८५ लोकांना येता येईल असं ठरलं. दरवाजा जवळजवळ बंदच. आत आलेल्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं. चार पिढ्यांची शिक्षणं आणि घरं त्या आकड्यात जमा झालीत. सिमेंटने छाती भरलेले आजोबा त्यात नाहीत, ते केव्हाच हिशेबाबाहेर गेले. ब्रह्मी लोकांच्या आकड्यात मात्र सगळे आजोबाच आहेत. गेल्या वर्षी विमानातून उतरलेला माणूससुद्धा आहे.

आजींना निरोप देऊन मी अंगणातला बर्फ ओढत होते तेव्हा हे सुचलं, आणि फावडं तसंच ठेवून आत येऊन लिहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कालचं पुरं नाही. ऑस्ट्रियन म्हणून आलेले सगळे काही सिमेंटवाले नव्हते. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, त्यानंतर व्हिएन्नाहून जीव मुठीत घेऊन निघालेले ज्यू होते. एरिक कँडेल त्यातलेच, ज्यांना पुढे २००० साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. नऊ वर्षांचा मुलगा १९३९ साली मोठ्या भावाबरोबर बोटीने आला. वडिलांचं व्हिएन्नात खेळण्यांचं दुकान होतं, ते गेलं. अमेरिकेत ते आधी टूथब्रशच्या कारखान्यात राबले आणि मग ब्रुकलिनमध्ये कपड्यांचं छोटं दुकान टाकलं. मास्तर खोकी भरतो, दुकानदार ब्रश बनवतो. ती पहिली वर्षं सारखीच दिसतात. पण व्हिएन्नाच्या त्या घरात शाळा होती, पुस्तकं होती, आणि न्यूयॉर्कमध्ये आधी आलेले नातेवाईक होते. चिन डोंगरातल्या आईला शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायला बारा वर्षांची मुलगी लागते.

आणि वोल्फगांग पुक. जगभर हॉटेलं काढणारा हा ऑस्ट्रियन स्वयंपाकी १९७३ साली अमेरिकेत आला, तो पहिल्यांदा आमच्या याच इंडियानापोलिसात कामाला लागला. याच गावात! फ्रान्स आणि मोनॅकोच्या नामांकित भटारखान्यांत तयार होऊन आलेला. दोन वर्षांत लॉस एंजेलिसला गेला. इथे त्याने मेहनत केलीच असणार. पण त्याची विद्या इथे ओळखली जात होती, विमानातून उतरला तेव्हाही. मास्तरांची कुणी ओळखली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मंडळाची शिवजयंती. लेझीम छान झालं. जेवताना मी त्या चिन कुटुंबाचा विषय काढला, तर एक ओळखीचे काका म्हणाले, "अगं, मेहनत आणि शिक्षण. आपण केलं म्हणून आपण वर आहोत. त्यांना कुणी अडवलंय का?"

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, काका, आपण निवडून आणलेली माणसं आहोत. मी आले तेव्हा तिकीट कंपनीचं, महिनाभर हॉटेल कंपनीचं, नवऱ्याच्या हातात इंजिनीयरिंगची पदवी. व्हिसाच पदवी बघून दिलेला. सगळ्या भारतातून चाळणीने गाळून काढलेले आपण, आणि म्हणतो भारतीय हुशार. या चिन लोकांना विमानाचं तिकीटसुद्धा कर्जाने मिळालं. बिनव्याजी असलं तरी कर्जच. उतरल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू. कुटुंब मोठं, तर काही हजार डॉलर डोक्यावर घेऊनच त्यांनी या देशात पाऊल टाकलं. मदत करणाऱ्या संस्थेकडे पहिले ९० दिवस, तेवढ्यात मिळेल ती नोकरी धरायची. इंग्रजी शिकायला वेळ कुठून आणणार?

काका गप्प झाले. मला वाईटही वाटलं, कारण ते मनाने चांगले आहेत, माझ्या आजारपणात महिनाभर डबा त्यांच्या घरून येत होता. पण हे बोलायलाच हवं होतं. आपल्या पंक्तीत आपणच नाही बोललो तर कोण बोलणार?

१ मार्च, शनिवार

ती आली. एकटीच, पाळी संपवून थेट, कमरेला गोदामाचा पट्टा तसाच. राहिलेला दाखला आणला होता. बसल्यावर पिशवीतून आणखी एक पावती काढली आणि विचारलं, हे टॅक्समध्ये वजा होतं का. विमानाच्या कर्जाच्या हप्त्याची पावती. होत नाही, असं सांगावं लागलं. "कोई बात नहीं, खतम होने वाला है," म्हणाली. चार हप्ते राहिलेत.

तिचा धाकटा भाऊ क्वालालंपूरमध्ये आहे. दहा वर्षं तिथे निर्वासित म्हणून नोंद, तपासण्या झाल्या, मुलाखती झाल्या, फेब्रुवारीतली तारीख मिळाली होती. भांडीकुंडी विकली, खोली सोडली. २० जानेवारीला इथे नव्या सरकारने निर्वासितांना आणणं थांबवायचा हुकूम काढला. आता तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतो. हे तिने मागच्या वेळी सांगितलं नव्हतं.

रिटर्न पुरा झाला. पाच मुलांमुळे परतावा बऱ्यापैकी निघाला. रक्कम दाखवली तर तिने ती बोटाने पडद्यावर धरून ठेवली, आणि मग एकेक सांगायला लागली. गाडीचे टायर. मोठीच्या दाताला तार. सासूचं डोळ्याचं औषध. आणि हजार डॉलर मलेशियाला, भावाच्या खोलीसाठी.

"कब आएगा, दीदी?"

"इक्कीस दिन में।"

बँकेचा खाते क्रमांक मी तिच्याकडून वाचून घेतला. ती हिंदीत आकडे वाचत होती, दिल्लीच्या बाजारात शिकलेले, एकेक सुटा. मी टाइप करत होते. शेवटच्या आकड्याला थांबली, चेकबुक डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, एक बार फिर से, शुरू से.