पोपडे खरवडण्याआधी भिंतीची जाडी मोजा

भिंतीला ओल आली की पहिला विचार रंगाचा होतो. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारायचे. पण जिच्यावर स्लॅब किंवा तुळया टेकल्या आहेत, त्या भिंतीत ओल हा आधी ताकदीचा प्रश्न असतो. आरसीसी सांगाड्यात नुसती भरलेली भिंत असेल तर थोडी सवड मिळते, इथे मिळत नाही.

भिजलेली वीट कोरड्या विटेपेक्षा कमी दाब सोसते. नीट भाजलेल्या, आपटल्यावर ठणठणीत वाजणाऱ्या विटेत हा फरक थोडा असतो. फिक्या रंगाच्या, अर्धवट भाजलेल्या विटेत तो मोठा, कारण तिच्यातली माती पाण्याने पुन्हा मऊ पडते. पारख सोपी आहे: वीट ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून लगेच पुन्हा वजन करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती वीट भार घेणाऱ्या भिंतीत नको. मातीच्या मालातलं (विटा सांधायला सिमेंट-चुन्याऐवजी माती वापरलेलं) बांधकाम असेल तर विटेआधी सांधेच ढासळतात.

खरा घात मात्र क्षार करतात. जमिनीतलं पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं, बहुधा एक-दीड मीटरपर्यंत, आणि येताना विरघळलेले क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर आलेली पांढरी बुरशीसारखी भुकटी झाडली की निघते, तिचं फारसं भय नाही. भय आहे ते कातडीच्या आत जमणाऱ्या स्फटिकांचं. कोरडं सोडियम सल्फेट पाणी शोषून नवा स्फटिक बनतं तेव्हा त्याचं आकारमान चौपटीच्या आसपास जातं. प्रत्येक ओल-वाळ फेऱ्यात छिद्रांच्या भिंती फुटतात आणि वीट पापुद्र्यांनी झडते. म्हणून सर्वांत जास्त झीज सदा ओल्या पायथ्याशी नसते. ती ओल आणि कोरडं जिथे भेटतं त्या पट्ट्यात असते.

आता हिशेब करून पाहा. २३० मिमी जाडीच्या भिंतीचा एका बाजूचा २५ मिमी थर झडला. उरली २०५ मिमी. वाटतं, अकरा टक्के गेले. पण वरचा भार जुन्या मध्यरेषेवरूनच खाली येतो आणि उरलेल्या भिंतीची मध्यरेषा १२.५ मिमी सरकलेली असते. भार एका बाजूला कलतो आणि झडलेल्या कडेवरचा ताण जवळपास दीडपट होतो (अचूक धरला तर १.५३ पट). त्याच कडेची वीट ओली, म्हणजे आधीच कमकुवत. २० टक्के ताकद गेली धरली तरी सुरक्षिततेची मूळ शिल्लक निम्म्यावर येते. पोपड्यांकडे पाहून हे कळत नाही, म्हणून सळईने टोचून आणि पट्टीने मोजून बघायचं.

ओल कुठून येते हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये. टाचण्यांचा ओलमापक क्षार असलेल्या भिंतीत हमखास जास्त आकडा दाखवतो, त्यावर भिस्त ठेवू नका. ड्रिल हळू फिरवत (वेगात फिरवलं तर उष्णतेने नमुना वाळतो) जमिनीपासून दर २०० मिमीला खोलवरची भुकटी घ्या, लगेच बंद डबीत भरा, वजन करा, १०५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वजनात जी घट होते ती त्या नमुन्यातली ओल. खालून वर हा आकडा उतरत गेला तर ओल जमिनीची. मध्येच फुगला तर नळ फुटलाय किंवा पावसाचं पाणी आत शिरतंय.

यानंतर सिमेंटचा जाड गिलावा चढवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बाष्प बाहेर पडायची वाट बंद होते, मग पाणी आणखी वर चढून नवी जागा शोधतं. जुन्या चुन्याच्या भिंतीत तर हे हमखास होतं.

आधी पाण्याचा मार्ग तोडा: बाहेरची माती जोत्याच्या ओलरोधक थराखाली (जमिनीची ओल वर चढू नये म्हणून घातलेल्या थराखाली) किमान १५० मिमी उतरवा, गटार-पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या. मग वाळू द्या. दर २५ मिमी जाडीला एक महिना हा जुना अंदाज धरला तर २३० मिमीच्या भिंतीला नऊ महिने. तोवर गिलावा काढलेला ठेवा आणि बाहेर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहा. धुवायचं नाही, धुतलं की ते परत आत जातात.

सांधे भरताना सुटा माल २० ते २५ मिमी खोल खरवडा आणि विटेपेक्षा मऊ, सच्छिद्र चुन्याचा माल वापरा, म्हणजे ओल सांध्यातून बाहेर पडेल आणि झीज विटेऐवजी सांध्याला बसेल. विटा बदलायच्या असतील तर वरचा भार टेकूवर घ्या, एका वेळी तीन-चारच विटा काढा, नवी वीट आधी भिजवून वरचं पाणी सुकल्यावर बसवा आणि वरच्या सांध्यात जेमतेम ओला माल ठोकून भरा. तो घट्ट झाल्याशिवाय शेजारची वीट काढू नका.