फ्रीजर गार, खाली मात्र दूध नासतंय

आईचा फोन आला, अरे वर बर्फ होतोय पण खालचं दूध रोज नासतंय. फ्रॉस्ट फ्री (साचलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रीजमध्ये असं झालं की माझा पहिला संशय फॅनवरच, कारण गारवा तयार होतो फ्रीजरमागच्या कॉइलवर आणि तो खाली ढकलतो फॅन. दाराचा स्विच बोटाने दाबून बघितला, म्हणजे दार बंद आहे असं समजून फॅन फिरायला हवा, पण त्याचा आवाजच नाही. मग प्लग काढला (हे आधी, नेहमी!) आणि फ्रीजरच्या आतलं मागचं कव्हर खोललं. कॉइलवर बर्फाचा थर नव्हता, पण फॅनचं पातं हाताने फिरवलं तर जड, अडकत होतं. फॅनची जुनी मोटर घेऊनच दुकानात गेलो कारण काही २३० व्होल्टच्या असतात, काही १२ व्होल्ट डीसी, लेबल जुळवूनच घ्यायची. बसवली, संध्याकाळपर्यंत खालची पाण्याची बाटली गार, आईने लगेच दही लावलं.