काजूगरांचा वांधा आणि व्हिएन्नाचा कायदा
आमच्या वेंगुर्ल्याच्या युनिटमधून पहिल्यांदाच थेट नेदरलँड्सला काजूगर गेले, डब्ल्यू 320 ग्रेडचे (आकाराची प्रत), न्हावा शेव्यावरून. कंटेनर बोटीत चढल्याचा मेसेज आला तेव्हा काका म्हणाले, "माल बोटीत चढलो, आता आपलो संबंध सपलो." आणि तीन महिन्यांनी पार्टीचा मेल, काही कार्टनमधले गर खवट निघाले, वीस टक्के कापून पैसे देणार. तीन महिने माल यांच्या गोडाऊनला पडलेला आणि वांधा आत्ता काढतात! कुठला लॉट, किती कार्टन, काही लिहिलेलं नाही. काकांना रात्रभर झोप नाही.

मी कॉन्ट्रॅक्ट काढून बसले. शेवटच्या पानावर एक ओळ, नेदरलँड्सचा कायदा लागू. मला वाटलं आता संपलंच. पण वाचत गेले तसं कळलं की अशा दोन देशांतल्या सौद्याला तिथे 1980 चा आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा व्हिएन्ना करार लागतो, जो 1 जानेवारी 1988 पासून अमलात आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, पण ज्या देशाचा कायदा ठरलाय तो देश सदस्य असेल तर करार आपोआप येतो, कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट वगळला नसेल तर. आमच्यात वगळलेला नव्हता, आणि तेच आमच्या कामी आलं.

आपला 1930 चा माल विक्रीचा कायदा इंग्लंडच्या 1893 च्या कायद्यावरून बेतलेला आहे. त्यात गिऱ्हाईकाने वाजवी वेळेत माल नाकारल्याचं कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. पण त्याने फक्त माल परत करायचा हक्क जातो, नुकसानभरपाई तो नंतरही मागू शकतो, दावा लावायला तीन वर्षं असतात. व्हिएन्नात तसं नाही. गिऱ्हाईकाने माल होईल तितक्या लवकर तपासायचा, आणि दोष कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तिथपासून वाजवी वेळेत, नेमका काय दोष आहे ते सांगून कळवायचं. नाही कळवलं आणि त्याला वाजवी कारणही नसेल तर भरपाईसकट सगळाच हक्क जातो, आणि काही झालं तरी माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षांनंतर तक्रार नाही. विकणाऱ्याला दोष माहीत असून त्याने लपवला असेल तर मात्र त्याला ही ढाल मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता हापूसमधला साका (आतून पांढरट, बिघडलेला गर) घ्या, आंबा कापल्याशिवाय तो कळतच नाही. तिथे वेळ कापल्यावर मोजणं रास्त. पण काजूगराचं पाकीट फोडून दोन गर चावले की खवटपणा लगेच कळतो, त्याला तीन महिने कशाला लागतात? हेच आम्ही लिहून पाठवलं, पोच तारखेसकट. दोन आठवडे गप्प होते, मग वीस टक्क्यांचा विषय सोडला आणि पैसे आले.

काकांचं "संबंध सपलो" पण मी तपासलं. आपल्या कायद्यात जोखीम साधारण मालकीबरोबर जाते, त्यामुळे पैसे येईपर्यंत बिल ऑफ लेडिंग (बोट कंपनीची पावती, जी दाखवून माल सोडवतात) आपल्या नावाने ठेवलं की मालकी आपल्याकडेच धरली जाते आणि बोटीतली जोखीमही आपल्याच डोक्यावर राहते. व्हिएन्नात माल पहिल्या वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम गिऱ्हाईकाची, कागद आपल्याकडे असले तरी. एफओबी (माल बोटीत चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची) वगैरे वेगळं ठरलं असेल तर अर्थात ते आधी. म्हणजे काका जे मनापासून समजत होते ते व्हिएन्नाच्या जास्त जवळ होतं, आणि मला खरंच वाटतं भारताने सही करावी, आपल्यासारख्या छोट्या एक्सपोर्टरना याचा आधार आहे.

वेंगुर्ला, मालवण, देवगडातून जे थेट माल पाठवतात त्यांनी कॉन्ट्रॅक्टची ती शेवटची ओळ आज काढून वाचा. काकांनी आमची जुनी फाईल काल स्वतःहून काढून दिली, अजून चार कॉन्ट्रॅक्ट वाचायची आहेत.