तंबोऱ्याचा भोपळा

तंबोऱ्याची तार नुसत्या दोन खुंट्यांवर ताणून छेडली, तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू यायची नाही. खोली भरून टाकतो तो भोपळा. कम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमधल्या, म्हणजे पाणी फिरवून चिप गार ठेवणाऱ्या सोयीतल्या, पंपाचंही असंच आहे. हातात धरला तर तो जेमतेम कुजबुजतो. कॅबिनेटच्या पत्र्याला चार स्क्रूंनी आवळला की सगळं कॅबिनेट घुमायला लागतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात खरं, पण इथे बऱ्याचदा अंगणच वाकडं असतं आणि लोक नाचणाऱ्याला बदलत बसतात.

म्हणून नवा पंप शोधण्याआधी जुना सोडवून, नळ्या तशाच ठेवून, चालू स्थितीत तळहातावर घ्यावा. आवाज विरला तर दोष बसवण्याचा. पंपाखाली बोटभर जाड मऊ फोम किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि कडक पाइपऐवजी लवचीक नळी, एवढ्यावर भागतं. स्क्रू मात्र फोममधून आरपार जाऊन पत्र्यात घुसला, तर केलेलं सगळं पाण्यात.

खोक्यावरचे आकडे वाचणं ही एक वेगळीच गंमत. प्रसिद्ध डी५ पंपावर ताशी सुमारे १५०० लिटर आणि जवळपास ४ मीटर हेड (पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते) असं दिसतं. पहिला आकडा पुढे काहीच जोडलेलं नसतानाचा, दुसरा तोंड बंद करून प्रवाह शून्य झाल्यावरचा. दोन्ही एकत्र कधीच मिळत नाहीत. आणि हे मीटर उंची चढण्यासाठी लागतच नाहीत, कारण बंद लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंद चक्रात, जेवढं पाणी वर जातं तेवढंच खाली उतरतं. पंप झगडतो तो ब्लॉकमधल्या (चिपवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या) केसासारख्या फटींशी, पाणी गार करणाऱ्या रेडिएटरशी आणि नळ्यांच्या कोपऱ्यांशी.

मग प्रवाह किती हवा? ३०० वॅट उष्णता आणि मिनिटाला १ लिटर पाणी असेल, तर एका फेरीत पाणी सुमारे ४.३ अंशांनी तापतं. २ लिटरला हा फरक दोनच्या आसपास येतो, ४ लिटरला एकवर. पहिल्या दुपटीत दोन अंश हाती लागले, दुसरीत एकच. दीड-दोन लिटरनंतर आपण गारव्यापेक्षा आवाजच जास्त विकत घेत असतो.

इथेच स्वस्त आणि शांत यांचं भांडण सुरू होतं. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब चौथाई उरतो आणि लागणारी ताकद ढोबळमानाने आठव्या हिश्श्यावर येते. छोटा स्वस्त पंप आधीच पूर्ण वेगाने धापा टाकत असतो, त्याला हळू करायला जागाच नसते. मोठा पंप निम्म्या वेगाने निवांत चालतो. डी५ची वेगाची चकती १ वर असली की मिनिटाला साधारण १८०० फेरे, ५ वर ४८००. एक ब्लॉक आणि एक रेडिएटर असेल तर २ किंवा ३ च्या पुढे जायचं कारण नाही. त्यामुळे पैसे वाचवायचे तर वापरलेला डी५ हा माझ्या मते सर्वांत शहाणा सौदा. गोल कडं फिरवून वरचं झाकण काढलं की रोटर (आतला फिरणारा भाग) हाताने उचलून निघतो; तो सिरॅमिकच्या एका गोळीवर फिरतो. गोळी गुळगुळीत आणि खाच स्वच्छ असेल तर बिनधास्त घ्यावा. डीडीसी हा दुसरा पंप आकाराने लहान आणि दाबाला जोरदार, पण तळाशी तापतो. त्याच्या पोटाला फोम चिकटवणं म्हणजे तापात गोधडी पांघरणं. माशांच्या टाकीचा पंप स्वस्त खरा, पण मेन्सवर, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालतो. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याची १०० हर्ट्झची गुणगुण ठरलेली, वेग कमी होत नाही आणि कम्प्युटरबरोबर तो आपोआप सुरूही होत नाही.

वायरिंगमध्ये एक चूक महागात पडते. मदरबोर्डवरचं फॅनचं हेडर, म्हणजे फॅनची वायर खोचायच्या पिना, सहसा १ अँपिअरचं, म्हणजे १२ वॅटचं. डी५ पूर्ण वेगात वीसच्या वर वॅट ओढतो. त्याची वीज थेट पॉवर सप्लायमधूनच घ्यावी आणि हेडरला फक्त वेगाच्या तारा जोडाव्यात.

पाणी भरल्यावर पहिले काही तास खळखळ होते. ती अडकलेल्या हवेची. रिझर्व्हॉयर (पाण्याची छोटी टाकी) पंपाच्या वर ठेवून कॅबिनेट हळूहळू चारही बाजूंना कलवलं की बुडबुडे निघतात. एका ठरावीक वेगालाच घूं ऐकू येत असेल तर शे-दोनशे फेरे वरखाली केले की पुरतं. खरखर मात्र वेगळी. बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, त्यामुळे पंप थोडा वेळ जरी कोरडा फिरला तरी ते घासलं जातं. ती खरखर फोमने जात नाही, वेग कमी करूनही जात नाही. तेव्हा खुशाल नवा पंप आणावा.